शॉटगनचा स्लग : इलिनॉयमध्ये नव्याने बंदूक घेणाऱ्या मराठी माणसासाठी मार्गदर्शन

इलिनॉय राज्यात हरणाची शिकार पिढ्यानपिढ्या मुख्यतः शॉटगनने होत आली आहे. मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांत रायफलची भरकटलेली गोळी अडवायला टेकडी नसते आणि शेताच्या पलीकडे कुणाचे तरी घर असते, म्हणून कमी पल्ल्याच्या शॉटगनला येथे पसंती मिळाली. ठरावीक प्रकारच्या एकबारी रायफलींना मुभा मिळाली ती थेट २०२३ मध्ये. हरणासाठी शॉटगनमध्ये छर्रे चालत नाहीत, स्लगच लागतो. स्लग म्हणजे छऱ्यांऐवजी शिशाची एकच जड गोळी असलेले काडतूस. शिकागोच्या उपनगरांतून बाहेर, मोठ्या जागेच्या घरात राहायला गेल्यावर घराच्या रक्षणासाठी शॉटगन घ्यावी असा विचार मनात आला, की हाच शब्द दुकानात वारंवार कानावर पडतो आणि त्याविषयी ऐकीव सल्लेही भरपूर मिळतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : घराच्या चार भिंतींत संरक्षणासाठी स्लग ही पहिली निवड नव्हे, परंतु शॉटगन नीट चालवायला शिकायची असेल तर स्लगचा सराव टाळता येत नाही.

१. सर्वांत आधी आपला व्हिसा पाहा

बंदुकीची माहिती काढण्यापूर्वी ही पायरी पार करा, कारण आपल्या लोकांचे पाऊल येथेच सर्वाधिक घसरते. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस स्वतःजवळ बाळगण्यास मनाई आहे. केवळ खरेदीवर नव्हे, तर ताब्यावर ही बंदी आहे. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक आणि खिशात राहिलेले एक काडतूसही त्यात येऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे झाली आहे आणि बंदुकीच्या गुन्ह्यामुळे देशातून हद्दपारीची कारवाईही होऊ शकते. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही अडचण नाही.

बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकांसाठी जे अपवाद आहेत, त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे कोणत्याही राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. तो परवाना चालू असेपर्यंतच अपवाद लागू राहतो, ही त्यातली मेख आहे. इलिनॉयचा वार्षिक शिकार परवाना ३१ मार्चला संपतो. नूतनीकरण राहिले, तर कपाटातली तीच बंदूक १ एप्रिलला बेकायदा ताबा ठरते. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, त्यांनी या बाबतीत ओळखीच्या मित्राच्या अनुभवावर विसंबून न राहता इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारावे.

आणखी दोन सापळे आहेत. पहिला असा, की पती किंवा पत्नी ग्रीन कार्डधारक असल्यास तिच्या किंवा त्याच्या नावाने बंदूक घ्यायची आणि प्रत्यक्षात ती दुसऱ्याने वापरायची. खऱ्या ग्राहकाऐवजी दुसऱ्याच्या नावाने केलेली अशी खरेदी हा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे. दुसरा सापळा गांजाचा. इलिनॉयमध्ये २०२० पासून प्रौढांना गांजा कायदेशीर असला, तरी संघीय कायद्यात तो निषिद्धच आहे आणि खरेदीच्या अर्जात त्याविषयी थेट प्रश्न असतो. त्याचे खोटे उत्तर देणे हाही गुन्हाच होय.

२. कागदपत्रे

इलिनॉयच्या रहिवाशाला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यासाठी राज्य पोलिसांकडून मिळणारे एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचे ओळखपत्र लागते. साध्या स्लगच्या डब्यासाठीसुद्धा काउंटरवर ते दाखवावे लागते. खरेदीच्या दिवशी पुढील गोष्टी हाताशी असू द्या :

- एफओआयडी कार्ड
- सध्याचा पत्ता असलेला ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचे ओळखपत्र
- ग्रीन कार्ड, कारण त्यावरील एलियन क्रमांक अर्जात भरावा लागतो
- बिगर-स्थलांतरित व्हिसा असल्यास पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) क्रमांक आणि वैध शिकार परवाना

दुकानात फॉर्म ४४७३ हा संघीय खरेदी-अर्ज भरावा लागतो आणि त्यावरून पार्श्वभूमी तपासणी होते. घर बदलल्यावर लायसन्सवरचा पत्ता बदललेला नसणे ही अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. परंतु तेवढ्यावरून खरेदी थांबते. शिवाय राज्यात ७२ तासांची प्रतीक्षा आहे, त्यामुळे शनिवारी दुकानात जाऊन रविवारी रेंजवर जाण्याचा बेत आखू नका. शिकारही करायची असेल आणि जन्म १ जानेवारी १९८० रोजी किंवा त्यानंतरचा असेल, तर परवान्यापूर्वी शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. शिकार करायची नसली तरी हा अभ्यासक्रम करावा असे मी सांगेन; नवख्याला बंदूक हाताळण्याची शिस्त इतक्या स्वस्तात दुसरीकडे शिकायला मिळत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा खरेदीच्या आठवड्यात राज्य पोलिसांचे संकेतस्थळ एकदा पाहून घ्या.

३. बंदूक आणि नळी निवडा

रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० यांसारखी १२ गेजची पंप-ॲक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची शॉटगन नवख्याला पुरेशी आहे. गेज हे नळीच्या व्यासाचे माप; आकडा मोठा तेवढी नळी अरुंद. दोन्ही बंदुका अनेक दशके बाजारात आहेत आणि त्यांचे सुटे भाग कुठेही मिळतात. अंगकाठी लहान असेल किंवा धक्क्याची भीती वाटत असेल, तर २० गेज घेण्यात कमीपणा नाही. फक्त घरात १२ आणि २० अशा दोन्ही बंदुका ठेवू नका आणि दोन्हींची काडतुसे एका खिशात कधीही टाकू नका. २० गेजचे काडतूस १२ गेजच्या चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेतून) पुढे सरकून नळीत अडकते. चेंबर रिकामे दिसते, मागून १२ गेजचे काडतूस भरले जाते आणि चाप ओढताच नळी फुटते. २० गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याच अपघाताच्या धास्तीने.

नळी १८ इंचांपेक्षा आखूड नसावी. त्याखालच्या शॉटगनला वेगळा संघीय कायदा लागतो. नळीच्या टोकावर फक्त एक मणी म्हणजे माशी असेल, तर स्लगचा नेम धरताना त्रास होतो. पुढे-मागे दोन्हीकडे नेमयंत्र असलेली नळी मिळाल्यास तीच घ्या.

४. स्लगचा प्रकार आणि डब्यावरचा मजकूर

आज वापरात असलेले स्लग मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये तयार केलेला ब्रेनेके स्लग भरीव असतो आणि त्याच्या मागे बुच जोडलेले असते. अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये केलेला फॉस्टर स्लग मागून पोकळ असतो. त्याचे वजन पुढे असल्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे ठेवून सरळ जातो. या दोन्हींच्या अंगावरच्या तिरक्या खाचांमुळे गोळी गरगरा फिरते, असे दुकानदारही सांगतात, पण ते खरे नाही; नळीचे तोंड किंचित अरुंद असेल तर शिशाला दबायला जागा मिळावी हा त्या खाचांचा मुख्य उपयोग आहे. तिसरा प्रकार सॅबो. त्यात लहान व्यासाची गोळी प्लास्टिकच्या आवरणात बसवलेली असते आणि ती आतून आटे पाडलेल्या नळीसाठीच असते. गुळगुळीत नळीतून महागडे सॅबो झाडणे म्हणजे पैसे देऊन नेम बिघडवून घेणे होय. तुमची नळी गुळगुळीत असेल, आणि घरगुती शॉटगनची बहुधा तशीच असते, तर फॉस्टर किंवा ब्रेनेके घ्या.

नळीचे तोंड कमी-जास्त अरुंद करणारा भाग म्हणजे चोक. तो सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे जवळपास मोकळा असावा. फुल, म्हणजे फार अरुंद चोकमधून स्लग झाडण्याचा मोह टाळा आणि सॅबो तर मुळीच झाडू नका. काडतुसाची लांबी नळीवर कोरलेली असते. पावणेतीन इंचांच्या चेंबरमध्ये तीन इंची काडतूस वरवर बसते, पण झाडल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा नसल्याने दाब धोकादायक रीतीने वाढतो.

१२ गेजचा सामान्य स्लग एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचा असतो आणि नळीतून सेकंदाला साधारण १६०० फुटांच्या वेगाने निघतो. कमी धक्क्याचे म्हणून विकले जाणारे स्लग १२०० ते १३०० फुटांच्या आसपास जातात. सरावासाठी आणि घरासाठी हे दुसरेच घ्यावेत. जास्त ताकदीचा डबा उचलण्याकडे नवख्याचा कल असतो. परंतु पूर्ण ताकदीच्या स्लगचा धक्का हरणाच्या शिकारीतल्या नेहमीच्या रायफलींपेक्षाही जास्त असतो आणि तिसऱ्या-चौथ्या बारानंतर नेमबाज चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो.

५. स्लग कुठे कामाचा आणि कुठे नाही

अमेरिकी घरांच्या आतील भिंती अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या तक्त्यांच्या असतात. स्लग अशा अनेक भिंती ओलांडून मुलांच्या खोलीत किंवा शेजारच्या घरात जाऊ शकतो. बकशॉट, म्हणजे मोठ्या छऱ्यांचे काडतूस; त्याचे छर्रेही भिंत पार करतात, तेव्हा बकशॉट निर्धोक आहे असे समजू नका; तरीही घराच्या आतील अंतरासाठी कमी धक्क्याचे बकशॉट अधिक समंजस आहे. जोडघर किंवा अपार्टमेंट असेल, तर स्लगचा विषयच काढू नये.

स्लगची खरी गरज दोन ठिकाणी भासते. एक म्हणजे अंतर वाढते तेव्हा : बकशॉट २०-२५ यार्डांपलीकडे पसरत जाते आणि प्रत्येक छर्रा कुठे गेला याची जबाबदारी झाडणाऱ्यावरच असते, तर स्लग एकाच ठिकाणी जातो. दुसरी गरज मोठ्या जनावरांची. अलास्कासारख्या अस्वलांच्या प्रदेशात भरीव, खोल जाणारे ब्रेनेके पद्धतीचे स्लग लोक संरक्षणासाठी बाळगतात. इलिनॉयमधील घरमालकाला या दोन्ही प्रसंगांना तोंड द्यावे लागण्याची शक्यता फार थोडी. ५० यार्डांवरच्या माणसापासून आपल्या जिवाला निकटचा धोका होता, हे न्यायालयाला पटवणे किती कठीण आहे याचा विचार बंदूक घेण्याआधीच करावा. अंगणातली गाडी किंवा ट्रॅक्टर नेणाऱ्यावर झाडलेली गोळी स्वसंरक्षणात बसेल असे तर मुळीच गृहीत धरू नका. घराचे दार बंद करून ९११ ला फोन करणे हाच त्या वेळचा योग्य मार्ग असतो.

६. घरी कोरडा सराव

खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. त्यानंतर फक्त नकली काडतुसे घेऊन बसा. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवणे, गाल दस्त्यावर दर वेळी एकाच जागी टेकवणे, पुढच्या हाताने बंदूक पुढे ढकलत मागच्या हाताने ती अंगाशी ओढून धरणे : धक्का सोसण्याची युक्ती या ढकलण्या-ओढण्यात आहे. पंप ओढताना तो पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे गेला पाहिजे. धाकाने अर्धवट ओढला तर रिकामे काडतूस अडकते.

७. रेंजवर नेम बांधणे

रेंजवर फोन करून स्लग चालतात का हे आधी विचारा. अनेक बंदिस्त रेंजवर ते चालत नाहीत आणि पोलादी लक्ष्यांवर तर बहुतेक ठिकाणी बंदी असते, कारण स्लग पत्रा वाकवतो आणि शिशाचे तुकडे उलट येतात. कागदाचे मोठे लक्ष्य घ्या. शॉटगनचा आवाज कानाला कायमची इजा करणाऱ्या १४० डेसिबलच्या मर्यादेवर जातो, म्हणून कानात बोळे आणि त्यावर कर्णकवच अशी दुहेरी व्यवस्था करा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

सुरुवात २५ यार्डांवरून करा. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून सावकाश तीन बार काढा आणि मगच कागद पाहा. प्रत्येक गोळीनंतर नेम बदलू नका, कारण एका छिद्रावरून काहीच कळत नाही. तीन छिद्रांचा मध्य कुठे येतो ते पाहायचे. येथे बहुतेकांना धक्का बसतो, कारण नळीवर फक्त माशी असेल तर गोळ्या अपेक्षेपेक्षा चार-सहा इंच वर लागू शकतात. कारण साधे आहे : मागे नेमयंत्र नसल्यामुळे मागचे नेमयंत्र म्हणजे तुमचा डोळाच. गाल जरा उचलला गेला, नळीचा पृष्ठभाग लांबवर दिसू लागला, की नळीचे तोंड नकळत वर जाते. माशी नळीच्या मागच्या कडेवर अलगद बसलेली दिसेल आणि मधला पृष्ठभाग जवळपास दिसणार नाही, इतका गाल खाली ठेवा. दर वेळी तेवढाच.

त्यानंतर ५० यार्डांवर जा. गुळगुळीत नळीतून चांगला फॉस्टर स्लग या अंतरावर तीन ते पाच इंचांचा पुंजका देत असेल, तर समाधान माना. पुंजका पसरट आला तर लगेच बंदुकीला दोष देऊ नका, स्लगचा ब्रँड बदलून पाहा. एकाच नळीला एक ब्रँड मानवतो आणि दुसरा अजिबात मानवत नाही, ही शॉटगनची जुनी खोड आहे. जो मानवेल त्याचे नाव, वजन आणि वेग डब्यावरून वहीत उतरवा आणि पुढे तोच घ्या. ५० यार्डांवर नेम बांधलेला फॉस्टर स्लग १०० यार्डांवर साधारण पाच-सहा इंच खाली येतो. १०० यार्डांपलीकडे गुळगुळीत नळीने झाडू नये, हे माझे स्वतःचे मत आहे आणि पुष्कळ जुने शिकारीही तेच सांगतात.

एका खेपेत दहा-पंधरापेक्षा जास्त स्लग झाडू नका. स्लगचा डबा बहुधा पाचचा येतो आणि तो महाग पडतो, हे त्याचे एक कारण. खरे कारण असे, की दुखऱ्या खांद्याने केलेला सराव वाईट सवयी लावतो. चाप ओढताना दचकण्याची सवय जडली आहे का हे पाहण्यासाठी सोबत्याला नळकांड्यात (नळीखालच्या, काडतुसे साठवायच्या नळीत) मधेच एखादे नकली काडतूस भरायला सांगा. ते कधी येणार हे तुम्हाला ठाऊक नसावे. बार निघाला नाही आणि तरीही नळीचे टोक खाली झुकले, तर त्या दिवशीचे स्लग बाजूला ठेवून हलक्या छऱ्यांच्या काडतुसांकडे वळा.

८. बकशॉटवरून स्लगवर येण्याचा सराव

बंदुकीत बकशॉट भरलेले असताना स्लग लागला तर काय करायचे, याचा हा जुना सराव आहे. नळकांड्यात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. स्लग त्या नळकांड्यात खालून सरकवायचा, पंप ओढायचा, चेंबरमधले बकशॉट बाहेर पडते आणि शेवटी सरकवलेला स्लग आधी आत येतो. हे नकली काडतुसांनी इतके करा, की डोळे लक्ष्यावर असताना हात आपोआप चालेल. खऱ्या काडतुसांनी फक्त रेंजवर आणि प्रशिक्षकासमोर.

अंधारात काडतूस ओळखण्याची एक खूण लक्षात ठेवा. छऱ्यांच्या काडतुसाचे तोंड बहुधा तारेसारख्या घड्यांनी मिटलेले असते, तर स्लगच्या काडतुसाची कड आत वळवलेली असते आणि मधोमध शिशाचे गोल टोक बोटाला लागते. तरीही सर्व ब्रँड सारखे नसतात, म्हणून आपले दोन डबे निवडून बोटांना त्यांचीच ओळख करून द्या.

शिकारीला जाताना नियम वेगळा आहे : हरणाच्या शॉटगन मोसमात बंदुकीतून सलग तीनपेक्षा अधिक स्लग झाडता येऊ नयेत, त्यासाठी नळकांड्यात लाकडी किंवा प्लास्टिकचा अडसर बसवावा लागतो. घरातील व्यवस्थेत तो काढला असेल तर नोव्हेंबरपूर्वी परत बसवा.

९. घरात ठेवणे आणि गाडीतून नेणे

बंदूक रिकामी करून कुलूपबंद तिजोरीत आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. पती-पत्नींपैकी एकच जण बंदूक बाळगण्यास पात्र असेल, तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा दुसऱ्याकडे असू नये, कारण ताबा म्हणजे हातात धरणेच असे कायदा मानत नाही. ज्या घरात भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात, तेथेही हाच नियम. इलिनॉयमध्ये गाडीतून नेताना बंदूक रिकामी आणि बंद पेटीत असावी.

१०. परतल्यावर सफाई आणि बॅगांची तपासणी

स्लगमुळे नळीत शिसे साचते. तांब्याचा ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन नळी आतून स्वच्छ, चकचकीत दिसेपर्यंत पुसा. घरात लहान मूल असेल तर रेंजवरचे कपडे वेगळे धुवा आणि हातपाय धुतल्याशिवाय मुलाला उचलू नका.

रेंजवर नेलेली बॅग आणि जाकीट प्रवासासाठी वापरू नका. अस्तरात घसरलेले एखादे जिवंत काडतूस इथल्या तपासणीतून निसटले आणि मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. काडतूस जाणीवपूर्वक बाळगले नव्हते हा बचाव न्यायालये ऐकतात, परंतु तोवर सुटी संपलेली असते, पासपोर्ट अडकलेला असतो आणि वकिलाची फी सुरू झालेली असते. रेंजसाठी भडक रंगाची वेगळी बॅग घ्या आणि ती सामानाच्या बॅगांसोबत माळ्यावर न ठेवता बंदुकीच्या तिजोरीशेजारीच ठेवा.